रुमालाखालचे आठ

"बोलू नको भाऊ, हात दे."

धुळ्याच्या नानांचं पहिलं वाक्य हेच असायचं. खांद्यावरचा पांढरा रुमाल ते समोरच्याच्या मनगटावर टाकायचे, खालून त्याची बोटं धरायचे आणि डोळे मिटायचे. बैलबाजारात व्यापारी असाच सौदा करतात, तुम्ही पाहिलं असेल. नानांच्या रुमालाखाली मात्र भाव नसायचा. आपल्या पोराच्या आजवर खऱ्या लढती किती झाल्या, एवढंच बोटं दाबून सांगायचं.

कारण तोंडाने सगळेच थापा मारतात. बॉक्सिंगच्या गावोगावच्या सामन्यांत वीस लढती खेळलेल्याला 'नवखा आहे हो' म्हणायचं आणि दोन खेळलेल्याला वाघ म्हणायचं, हा आमचा धंदाच. कागदावर निम्म्या लढती नसतातच. मग कोणाची जोड कोणाशी लावायची? तर ते नाना ठरवणार. आणि रुमालाखाली खोटं बोलायचं नाही, ही रीत जळगाव-धुळ्यातले आम्ही सगळे प्रशिक्षक पाळायचो. आम्ही म्हणजे एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं, पण पाळायचो.

खरं सांगतो, मला तो माणूस बघवत नसे. मी रीतसर कोर्स केलेला, शाळेत पस्तीस वर्षं पी.टी. शिकवलेली, भिंतीवर सर्टिफिकेट. आणि हे बस डेपोतले निवृत्त मेकॅनिक! तरुणपणी कुस्ती खेळलेले, हातात ग्लोव्ह कधी घातला नाही. पण जोड लावावी तर त्यांनीच. पोराच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत, नुसते पायांकडे बघत बसायचे. आणि म्हणायचे, "हा तीन राउंड जाई." तो जायचाच. मग सगळे त्यांच्याभोवती, आणि मी आपला चहाच्या टपरीवर एकटा.

त्यात गोकुळ त्यांच्याकडे गेला.

म्हणजे मीच घालवला. चोपड्याचा पोरगा, केळीचे घड वाहून खांदे तयार झालेले. आधी आला माझ्याकडे. बस चुकली म्हणून पाऊण तास उशिरा आला. दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या तर तिसऱ्या उडीला पाय अडकला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "घड उचलणं वेगळं आणि ठोसा मारणं वेगळं. जा बाबा, केळीच वाहा." पोरं हसली. तोही हसला, चपला घातल्या आणि गेला. धुळ्यात त्याची बहीण दिलेली होती. तिच्याकडे राहून तो नानांकडे जायला लागला.

पुढच्या वर्षात सहा लढती, सहाही पहिल्या फेरीत खलास. उजवा हात बसला की समोरचा आडवा. पेपरात फोटोसकट बातमी आली. बायकोने ती मला मुद्दाम वाचून दाखवली. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की दोन दिवस मी पेपरच उघडला नाही.

एवढं होऊनही नाना खूश नव्हते, ही कमाल. एका सकाळी गोकुळला घेऊन ते माझ्याकडे जळगावला आले.

"सहा पडनात," ते म्हणाले, "पन पडनाराच व्हतात त्या. याना हात खरा शे का खोटा, कोनले माहीत? मालेबी नही." सहा पडले, पण ते सहाही पडणारेच होते, असं त्यांचं म्हणणं.

"मग मी काय करू?"

"पडनारा नको माले. टिकनारा दे. तीन राउंड याना घाम काढी असा."

त्यांचा हिशेब सरळ होता. आधी सात-आठ लढतींचा कोणीतरी, मग बारा-तेराचा, मग वीसचा. पायरी पायरीने. "एकदम चढाले गया तं पाय मोडस," ते म्हणाले. बोलता बोलता त्यांनी बिस्किटाचे दोन तुकडे केले आणि एक न बघताच बाजूला धरला. गोकुळने तो न बघताच घेतला. माझ्या हाताखालून इतकी पोरं गेली, पण असा हात कोणी माझ्यापुढे कधी केला नाही. तिथेच माझं डोकं फिरलं.

माझ्याकडे इरफान होता. सत्तावीस वर्षांचा, वेल्डिंगचं काम करणारा, शांत. जळगावला आल्यापासून तो आठ लढती खेळला होता. त्याआधी बुऱ्हाणपूरला पंधरा. त्या पंधरा इथे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हत्या.

नानांनी रुमाल टाकला. त्यांची बोटं खरखरीत होती, डेपोतलं काळं ऑइल नखांत कायमचं बसलेलं. मी एकदा पाच बोटं दाबली. मग तीन. आठ.

इथल्या आठ होत्याच की, मी मनाला म्हटलं. त्यांनी डोळे उघडले, रुमाल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "ठरनं." पुन्हा विचारायची रीतच नव्हती.

सामना धुळ्यात, पत्र्याच्या हॉलमध्ये, भर दुपारी. घंटा झाली. मिनिटभरातच गोकुळचा उजवा इरफानच्या कानशिलावर असा बसला की मागच्या रांगेतले लोक उभे राहिले. इरफान हलला. पडला मात्र नाही. आणि गोकुळने काय करावं? तो थांबला! हात खाली सोडून समोरचा पडायची वाट बघत उभा राहिला. सहा वेळा पडले होते, सातवाही पडेल, एवढंच त्याला माहीत.

नाना इरफानचे पाय बघत होते. मग त्यांनी मान वळवून गर्दीतून मला शोधलं. रागाने बघितलं असतं तर चाललं असतं. त्यांनी नुसतं बघितलं.

दुसऱ्या फेरीत इरफानने बरगड्यांखाली दोन दिले आणि गोकुळ वाकला तसा जबड्यावर एक. लढत थांबवा म्हणून नानांनी तेवढ्यात रुमाल रिंगमध्ये फेकला होता, पण तो ठोसा निघालेला होता. जबडा मोडला.

गोकुळचे दाजी धावत आले. "कोणी लावली ही जोड? पोराला मारायला आणलं होतं का?" नाही नाही ते बोलले. नाना उभे राहून ऐकत होते. मग म्हणाले, "जोड मनी, चूक मनी." दोन्ही स्वतःच्याच माथी घेतलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मी पाठ फिरवून आमच्या कोपऱ्याकडे गेलो.

तिकडे इरफान हातावरच्या पट्ट्या सोडत होता. "सर, बुऱ्हाणपूरच्या लढती सांगितल्या होत्या ना त्यांना?" मी म्हटलं, "हो."

आठवड्याने मी शहाळं घेऊन दवाखान्यात गेलो. गोकुळचा जबडा तारांनी बांधलेला आणि नाना स्टुलावर बसून त्याला चमच्याने पेज पाजत होते. थोडी सांडली की हनुवटी पुसत होते. सांगायला लाज वाटते, पण तिथेही मला हेवाच वाटला. माझा पोरगा जिंकला होता, माझं सगळं मनासारखं झालं होतं, आणि तरी मला त्या स्टुलावर बसायचं होतं.

"बस भाऊ," नाना म्हणाले. तेवढंच. दोन शिव्या हासडल्या असत्या तर माझी सुटका झाली असती.

त्यानंतर नानांना जोडीसाठी कोणी बोलावेना. नजर गेली म्हातारबाची, लोक म्हणायला लागले. मीही ऐकून घ्यायचो. वर्षभराने ते झोपेतच गेले. मी गेलो नाही. सर्दी झाली होती, असं घरी सांगितलं.

पंधरा दिवसांनी गोकुळ माझ्या दारात उभा. वेळेवर, सकाळी सहाला. जबडा थोडा वाकडा जुळलेला.

"नानांनी जाण्याआधी सांगितलं, जळगावच्या सरकडे जा," तो म्हणाला. "मी म्हटलं, त्यांच्याकडे कशाला? तर म्हणे, त्या सरनी जलमात एकच जोड खोटी दिधी, आते देनार नही." मग विचारलं, "कोणती जोड, सर?"

म्हणजे त्यांनी त्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. मला काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती.

मी म्हटलं, "तुझी."

मग सगळं सांगितलं. आठ आणि पंधरा, केळीच्या घडापासून बिस्किटापर्यंत. तो ओट्यावर बसून ऐकत होता. शेवटी त्याने एकच विचारलं, "नानांना कळलं होतं?"

"पहिल्याच फेरीत."

तेव्हा तो रडला. जबड्यासाठी नाही हो. "दाजी त्यांना काय काय बोलले, सर," म्हणाला, "आणि तारा निघाल्यावर मीपण त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं महिनाभर."

तो उठून गेला. मला वाटलं, संपलं. चौथ्या दिवशी सहाला आला आणि दोरी घेतली. आता तो इरफानबरोबर सराव करतो. समोरचा पडायची वाट बघत नाही. त्याच्या प्रत्येक जोडीला मी समोरच्याचे पाय तासभर बघतो, तरी मला धड कळत नाही.

परवा फैजपूरला सामना होता. नाव लिहून घेणाऱ्या पंचांनी विचारलं, "तुझे कोच कोण?" मी पुढे झालो.

"कोच हे सर," गोकुळ म्हणाला. "मना नाना धुळ्याले ऱ्हातस."

पंचांनी मान डोलावली आणि माझं नाव लिहिलं. नाना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. तरी हा 'राहतात' म्हणाला. माझ्या पोटात दुखलंच, खोटं कशाला सांगू.