इंदूआत्तीच्या बागेवरचा बोजा

सन दोन हजार बावीस, सप्टेंबरअखेर. पाऊस उघडला होता, तासगावात द्राक्षछाटणी तोंडावर आली होती. मी मुलींच्या वसतिगृहाचा विश्वस्त. माझी स्वतःची शाळा चौथीपर्यंत. संस्थेत माणूस बरीच वर्षं बसला की किस्से साठतात. माझे निम्मे एकट्या इंदूआत्तीचे. सगळं गाव तिला आत्ती म्हणतं.

तिनं एकरभर बाग वसतिगृहाला दान दिली. अट एकच. ती आहे तोवर दर गुढीपाडव्याला संस्थेनं तिला ठरलेली रक्कम द्यायची. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा खर्च भाच्यानं केला होता आणि तो रोज जेवताना ऐकवत होता. तिला ते पैसे फेडायचे होते.

"रक्कम चुकली तर बाग तारण. सातबाऱ्यावर बोजा चढवा," ती म्हणाली.

आमच्या सचिव गुरुजींना राग आला. "आवं आत्ती, आमच्यावर इस्वास न्हाई व्हय?"

"तुमच्यावर हाय. तुमच्या मागनं येणाऱ्यांवर न्हाई."

*

दानाची जमीन संस्थेची झाली की तिच्यावर बोजा चढवायला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. कायदाच तसा आहे. आम्ही तिघं एसटीनं सांगलीला गेलो.

कारकून म्हणाला, "आजी, दान दिलं म्हणता, मग पैसे कसले मागता?"

"बाग दिली. पोट ठिवून घेतलंय."

त्यानं अर्ज घेतला.

*

परवानगी येईना. आत्तीनं बागेच्या फाटकाला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली. "कागद आला की किल्ली."

छाटणी चुकली तर पीक जाणार. पीक गेलं तर तिचे पैसे कुठून द्यायचे? मला घरात बसवेना. मी माझ्या घराचा उतारा नेऊन तिच्यापुढं ठेवला. "कागद येईतोवर हा तारण ठेवा."

"ह्यो कचेरीत कुणालाबी मिळतो. घर आणा."

*

शेवटी छाटणीची कात्री घेऊन तारेच्या कुंपणावर चढलो. वय बहात्तर. धोतर तारेत अडकलं. समोर आत्ती.

"चोर हाईस का रं?"

"विश्वस्त."

"त्येच इचारलं."

तिनं धोतर सोडवलं, मग कुलूपही काढलं. "छाटा. पर घड तोडायच्या आदी कागद पायजे."

*

माघात कागद आला. बोजा चढला, मग घड उतरले. पाडव्याला गुरुजींनी आत्तीच्या हातात पाकीट दिलं. ती चहालाही थांबली नाही. मला म्हणाली, "चला, साक्षीला."

भाचा जेवायला बसला होता. तिनं पाकीट त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. "डोळ्याचं. मोज."

"आत्ती, जेवण तर हुंदे."

"आदी मोज."

त्यानं उष्टा हात धुतला आणि नोटा मोजल्या. पुऱ्या भरल्या.