वार्निशचे पोपडे

निवृत्तीनंतर गावोगाव हिंडायचं म्हणून मी आणि माझी बायको सुनंदा, आम्ही दोघांनी जीपमागे ओढायची चाकांची लाकडी खोली बांधली. आज तिच्या भिंतीवर हात फिरवला, तर वार्निशचा पोपडाच बोटांना चिकटून आला. खाली लाकूड काळं पडलं होतं. दिवाळीतच घासून तीन हात दिले होते! मी चिडून पॉलिश पेपर फेकला.

"किती जपायचं हिला?"

"जपतच तर बसलोय," सुनंदा म्हणाली. "हिंडलो कुठे?"

उन्हापावसाने खराब होईल म्हणून आम्ही तिला अंगणाबाहेर काढलंच नव्हतं. ऊनपाऊस काय, अंगणातही येतातच. आणि आमचे गुडघे तरी कुठे पूर्वीचे राहिलेत?

दुपारी काळ्या डागांसकट ती जीपला जोडली. राग गेला नव्हता; फाटक मात्र मागे पडलं होतं.