पाण्यावरचा रंग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि देवापुढे हात जोडले तेव्हाही — तिथेही काहीबाही पुटपुटून उठलो. तुम्हाला सांगतोय. मध्येच अडखळलो तर अडखळू द्या.

सोलापुरात तेव्हा मी कापसाच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिनावर होतो. कोळशाचं जुनं धूड काढून मालकांनी काळ्या तेलावरचं नवं इंजिन आणलं होतं, आणि ते चालवता येणारा मी एकटा. लोक मला मिस्त्री म्हणत. ते ऐकायला मला फार आवडायचं.

जिनामागे ओढा, ओढ्याखाली तळं. तळ्यात कासाबाई भोईण आणि तिची माणसं मासे धरत. पलीकडच्या काठावर नरसय्या सूत धुवायचा — तेलंगी रंगारी. माझ्या लग्नातलं पागोटं त्यानंच रंगवून दिलं होतं, ते कधी विटलं नाही. चांगला माणूस होता. आता असं म्हणून मी काय मिळवतोय?

एका दुपारी इंजिनात तेल भरायला टाकीची तोटी सोडली आणि मी फाटकापाशी गप्पा छाटत बसलो. नव्या इंजिनाची फुशारकी, दुसरं काय! परत आलो तर टाकी निम्मी रिकामी, तेल गटारातून ओढ्याला लागलेलं. मी तोटी बंद केली, फरशीवर राख टाकली, हात धुतले. कुणी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मासे पोट वर करून तरंगायला लागले. एक बगळा काठावर पंख ओढत चालत होता, त्याला उडता येईना. कासाबाईची जाळी अशी चिकटली की राखेनं घासून घासून तिची बोटं सोलवटली. आणि पाण्यावर — तुम्ही पाहिलंय कधी तेल पाण्यावर पसरलेलं? उन्हात निळं, जांभळं, हिरवं दिसतं. देखणं दिसतं. जमलेल्या सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आला — रंग. पाण्यात रंग आलाय! मग रंग कुणाचा? रंगाऱ्याचा. तेलाचा वास येत नव्हता का? येत होता, पण जिनाच्या आसपास तो रोजचाच.

भोयांनी नरसय्याला काठावर उभं केलं. तो ओरडला नाही, भांडला नाही. त्यानं हात पाण्यात बुडवून वर धरला. "रंग हाताला चढतंय की. ह्ये निसटतंय." पण त्याचे हात कोपरापर्यंत कायमचे लाल. कोण ऐकणार? तेवढ्यात त्याला मी दिसलो आणि त्याचा चेहरा उजळला — हो, उजळला. "मिस्त्री, तुमी वास घ्या. तुमाला कळतंय." तो हात त्यानं माझ्या नाकापुढे धरला.

मला कळलं. झोपेतही कळलं असतं. नोकरीची भीती होती म्हणू? होती. पण खरं तर मिस्त्रीची चूक झाली असं चारचौघांनी म्हणू नये, एवढंच डोक्यात होतं. एवढंच.

"रंगच हाय," मी म्हणालो.

त्यानं हात खाली घेतला. नंतर माझ्याकडे पाहिलं नाही. भोयांनी त्याला तळं बंद केलं, आणि पाण्यावाचून रंगारी काय करणार? त्याच आठवड्यात त्याचे रांजण बैलगाडीवर चढले, वर बायको आणि दोन मुली. कुठं गेले? मी विचारलं नाही.

पुढल्या साली तळ्याला नवं पाणी आलं. हळूहळू मासेही आले. कासाबाई पहिला मरळ मासा घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "मिस्त्री, तुमी खरं बोलला म्हून आमचं तळं वाचलं."

बायकोनं तो तळला. कसा झालाय ते ऐकायला कासाबाई उंबऱ्यापाशी बसून राहिली होती. मी काट्यापर्यंत खाल्ला आणि चांगला झालाय म्हणालो.