तीन कामं झाल्याशिवाय स्कूटर नाही

पेट्रोल पुन्हा महागलं, तशी मी फ्रिजवर चिठ्ठी लावली: तीन कामं साठल्याशिवाय स्कूटर बाहेर निघणार नाही. सासूबाईंना मांडव्याला बहिणीला भेटायचं होतं, पण ते झालं एकच काम. दोन दिवस त्या रुसून बसल्या. मग एका सकाळी घरातले नारळ संपले आणि त्यांच्या चष्म्याची काडी निखळली.

"झाली ना गं तीन?" नवी साडी नेसून त्यांनी विचारलं.

निघताना डिकी उघडली, तर आत आमचेच नारळ.

"बहिणीकडे काय रिकाम्या हातानं जाऊ?"

चष्मेवाल्याकडे वळले, तर मागून आवाज आला, "राहू दे, बसली काडी."

मी मांडव्याचा रस्ता धरला. येताना बहिणीनं तिच्या वाडीतले नारळ डिकीत भरून दिले. म्हणजे तिन्ही कामं झालीच.