चन्नक्काचा उघडा राहिलेला फोन

वालूरच्या बाजारगल्लीत चन्नबसम्माचं किराणा दुकान आहे. आम्ही तिला चन्नक्का म्हणतो. तिच्या भिंतीला भिंत लावून माझं शिलाईचं दुकान, त्यामुळं तिच्या घरात वाटी पडली तरी मला ऐकू येते. बाई तोंडानं फटकळ. तांदळात खडा लागला म्हणून कुणी भांडायला आलं, तर ही म्हणते, "तुटलेला दात दाखीव, मंग बोलू." नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, दुकान एकटीनं चालवलं. ही कुणाला भ्याली असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण यंदा मी तिला भ्यालेली बघितली.

भीती लेकीपायी होती. महेश्वरीला तिनं सख्ख्या भावाच्या मुलाला, राजेश्वरला दिली होती. आमच्यात आत्याची मुलगी करतात, त्यात नवं काही नाही. घरातली पोरगी घरात, म्हणून सगळे खूश होते. पुढं पोरगी माहेरी यायची ती अंग चोरून बसायची. नवरा मारतो म्हणून सांगायची, तेव्हा चन्नक्का विचारायची, "असं काय केलतंस तू?" राजेश्वरला तिनं अंगाखांद्यावर खेळवलेलं. तो असा असेल हे तिच्या मनाला पटतच नव्हतं.

दिवाळीनंतर एका सकाळी महेश्वरी नेसत्या साडीनिशी निघून गेली, ती थेट पूर्ण्याला. तिथं धम्मशीला ही तिची शाळेपासूनची मैत्रीण राहते. धम्मशीलाचा नवरा रेल्वेत, क्वार्टर स्टेशनाजवळच. राजेश्वरनं चारठाण्यापासून परभणीपर्यंत एकूण एक सोयरे पालथे घातले. पण बौद्धांच्या घरी आपली बायको दोन घास खाऊन निजते, हे त्याच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. माणसाचा माजसुद्धा कधी कधी दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. "घावली की जिती सोडणार न्हाई," असं तो चार लोकांत बोलला होता. तेव्हापासून ती कुठं आहे हे आईनं कुणालाही, मलासुद्धा, सांगितलं नव्हतं. ते फक्त तिच्या फोनात होतं.

आणि नेमकं त्या फोनचं बटण बिघडलं. फोन शेंगदाण्याच्या पोत्याजवळ आपटला, आणि पडदा बंद करायचं बाजूचं बटण आत रुतून बसलं. दुरुस्तीला द्यायचा तर सेलूला ठेवून यावं लागणार. ते तिला जमणारं नव्हतं, कारण रोज सकाळी त्याच्यावर महेश्वरीचा फोटो यायचा. फोटो आला म्हणजे पोरगी सुखरूप. मग लेकीनं फोनवरूनच तिला शिकवलं. "आधी खालचं मधलं गोल दाब. मंग रिकाम्या जागी बोटानं दोनदा टकटक कर. पडदा इझतो आन् कुलूप लागतंय." चन्नक्का नारळ वाजवून बघावा तशी टकटक करायची, आणि मी हसायची. वाचता वाचता पडदा विझतो म्हणून आपोआप बंद व्हायचा वेळ तिनं मागंच कुणाकडून तरी दहा मिनिटांवर नेऊन ठेवला होता. म्हणजे टकटक चुकली की फोन दहा मिनिटं सताड उघडा.

त्या सकाळचं तिनं मला मागाहून सांगितलं. आम्हा लिंगायतांत गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा डाव्या तळहातावर होते. लिंग हातावर असलं की उठायचं नाही, बोलायचं नाही. त्या दिवशी फोटो आला, तिनं बघितला, आणि फोन तसाच गुडघ्याजवळ ठेवून दिला. लेकीचं तोंड समोर असलं की जप नीट होतो, असं ती म्हणते. पाण्यात कालवलेली विभूती लावली, लिंग हातावर घेतलं, आणि मागच्या दारातून राजेश्वर आत आला.

ही वेळ त्यानं मुद्दाम धरली होती. आत्या आता उठणार नाही, ओरडणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. लहानपणी तिच्याच मांडीला मांडी लावून तो पूजा शिकला होता. "चालू द्या आत्या, मी बसलोय," म्हणून तो उंबऱ्याजवळ टेकला.

चन्नक्कानं खाली बघितलं, तर फोटो लखलखीत. महेश्वरी फलाटावर उभी, आणि तिच्या मागं पिवळी पाटी. फोटोत पाटी येऊ देऊ नकोस म्हणून इतक्यांदा बजावलं होतं. त्या दिवशी पोरीचं लक्ष नव्हतं, आणि आईचंही गेलं नव्हतं.

तिनं उजवं बोट पडद्यावर टेकवलं. बोट विभूतीनं ओलं, पडद्याला काही कळेना. तिनं बोट पदराला पुसलं आणि दोनदा टकटक केली. आधी मधलं गोल दाबायचं असतं, हे भीतीनं पार विसरली. फोटोवर टकटक केली की फोटो मोठा होतो. तो मोठा झाला, आणि पाटीवरचं "पूर्णा" हे नाव पडदाभर पसरलं. 

"काय बघायलात आत्या?" म्हणत राजेश्वर उठला.

तो दोन पावलांवर होता. फोन पदरात घेतला असता तर त्यानं हिसकावून घेतला असता. मग तिनं जे केलं ते आमच्यातली कुठलीही बाई करणार नाही. मांडीवरचं लिंगाचं वस्त्र उचलून फोनवर पसरलं, आणि हातावरचं लिंग त्या वस्त्रावर उतरवलं. पूजा चालू असताना लिंग तळहात सोडून खाली ठेवायचं नसतं. आणि दुसऱ्याच्या लिंगाला कुणी हात लावत नाही.

राजेश्वरचा पुढं आलेला हात तिथंच थांबला. "लिंग खाली ठिवलं तुमी?" तो म्हणाला. त्याचा आवाज खरंच भ्यालेला होता. मग हे फोन झाकायलाच केलंय, हे हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, आणि तो परत बसला. "हुंद्या पूजा. कधीतरी उचलावंच लागंल की."

वस्त्र पांढरं, पातळ. त्याच्यातून फोनचा उजेड अंधूक दिसत होता. चन्नक्का जप करत होती, पण ओठातून "विझ, विझ" एवढंच येत होतं. बेल वाहिला, पुन्हा विभूती वाहिली, पुन्हा बेल. तेवढ्यात कुणाचा फोन आला असता तर सगळं संपलं असतं. तो तिच्या हाताकडं टक लावून बघत होता.  मग एकदाचा वस्त्राखालचा उजेड गेला.

तिनं लिंग उचललं, मस्तकी लावलं आणि गळ्यात बांधलं. त्याच क्षणी त्यानं फोन उचलला. पडदा उजळला आणि आकडे मागायला लागला.

"आकडे सांगा."

"न्हाई सांगणार."

"आत्या, सांगा म्हणलं ना."

"न्हाई."

त्याचा हात वर गेला. चन्नक्का म्हणते, तोंड तेच होतं, लहानपणचं, पण डोळ्यांत ओळख नव्हती. ती भिंतीला चिकटली आणि तिनं कोपर तोंडापुढं धरलं.

मी तेव्हाच खोबऱ्यासाठी दुकानात शिरले होते. "चन्नक्का," म्हणून हाक मारली आणि आत डोकावले. मला दिसलं ते एवढंच, की राजेश्वरनं वर गेलेला हात अलगद स्वतःच्या केसांवरून फिरवला, फोन फळीवर ठेवला आणि मला म्हणाला, "या ताई. आत्याची पूजा आत्ताच झाली." किती गोड बोलला मेला. माझ्या अंगावर काटा आला तो त्या गोडपणानं. मी हलत नाही असं बघून तो निघून गेला.

मी दोन्ही दारांना कड्या घातल्या. चन्नक्काला आकडे दाबवेनात, तिनं सांगितले आणि मी दाबले. पलीकडून महेश्वरी बोलली.

"आजच्या आज तिथून हाल," चन्नक्का म्हणाली. "कुठं जायलीस ते मलापण सांगू नको. त्यो आलता. माझ्यावर हात उगारला त्यानं."

 पोरीनं विचारलं, "लागलं का गं आई?"

 फोन माझ्या हातात देऊन चन्नक्का खाली बसली. मग मला म्हणाली, "इतक्या खेपा सांगितलं तिनं मला. मी एकदाबी हे इचारलं न्हाई."