आठ पिढ्या तात्पुरत्या

माझ्या थोरल्या काकांइतका परका माणूस मध्य प्रदेशातल्या आमच्या अख्ख्या देवासात सापडायचा नाही, आणि जन्मले ते देवासातच. दोन खोल्यांत आम्ही नऊ जण. बाबा मंडीत पोती उचलायचे, आई घरोघरी पोळ्या लाटायची आणि पावसाळ्यात भिंतीचे पोपडे थेट ताटात पडायचे. पण काका भिंतींना रंग देऊ देत नसत. "कशाला? आपल्याला परत जायचंय." परत म्हणजे साताऱ्याकडच्या एका गावी, जिथून आमचे पूर्वज देवासच्या महाराजांच्या फौजेबरोबर इकडे आले. त्यांना परतीचा हुकूम झाला नाही, एवढंच काकांचं म्हणणं. ऐनवेळी पंचाईत नको म्हणून त्यांच्या खाटेखाली एक कुलूपबंद पेटी कायम भरलेली असे. तिला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती.

बाकी हा परका माणूस पोह्यांवर शेव नसली तर बशी सरकवायचा, चिडला की इथल्या माळवी बोलीतच चिडायचा, आणि देवळात देवालाही 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणायचा. एकदा ते खरोखरच त्या गावी गेले, आठ दिवसांसाठी म्हणून. तिसऱ्या दिवशी घरात हजर. "लोक चांगले आहेत," म्हणाले, "पण मला 'एमपीवाले पाहुणे' म्हणतात. आणि पोह्यांवर शेव घालत नाहीत." तरी प्रत्येक सरकारी कागदावर त्यांचा कायमचा पत्ता त्याच गावचा.

घरातले सगळे सरकारी फॉर्म तेच भरायचे. त्यामुळे बारावीनंतर सरकारी कॉलेजातल्या जागेसाठी मला मूळ निवासी दाखला लागला, तेव्हा अर्जही त्यांनीच भरला. खिडकीतल्या बाबूने तो दोनदा वाचला.

"काकाजी, यहाँ कब से हो?"

"आठ पीढ़ी से."

"तो फिर यहाँ का पता अस्थायी क्यों लिखा?"

"आए तो महाराज के साथ थे, भिया. जाने का हुकुम ही नहीं हुआ."

"तो बिटिया का फारम वहीं से भरवाओ. नहीं तो यहाँ का पुराना सबूत लाओ," म्हणत त्याने कागद परत सरकवला.

प्रवेशाला चार दिवस उरले होते. काकांनी गावाकडच्या लांबच्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, इथल्या कुठल्याच कागदावर तुमचं नाव नाही हो." काकांनी फोन ठेवला. "मग आपण कुठले गं?" त्यांनी मला विचारलं. मला ते अजून नीटसं कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटी ओढली. मला वाटलं, तलवार निघेल, निदान एखादी सनद. निघाला आजोबांचा देवासच्या शाळेचा चौथीचा दाखला, जुनं रेशनकार्ड आणि नळाच्या पावत्या. परत जाताना न्यायचं म्हणून काकांनी सगळं देवासच बांधून ठेवलं होतं. नव्या अर्जावर त्यांनी कायमचा पत्ता लिहिला: देवास. मग पेनाला टोपण लावायला त्यांना बराच वेळ लागला.

"हुकूम आलाच तर सांग त्यांना," म्हणाले, "पोरीचं कॉलेज आहे."

दाखला मिळाला, प्रवेशही मिळाला. मी दुसऱ्या वर्षाला असताना काकांनी भिंतींना पिवळा रंग दिला. पेटी अजून खाटेखालीच असते, फक्त तिला आता कुलूप नाही. या उन्हाळ्यात मी बीएस्सी झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर.