चोथ्याच्या कप्प्यातली खिचडी

२३ फेब्रुवारी, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. चोथ्याच्या कप्प्यात अकरा पक्षी मरून पडले होते. उरलेले पाण्याच्या भांड्यांवर तुटून पडले होते आणि खाली अंथरलेले भाताचे तूस चिखलासारखे झाले होते. जाळीपलीकडे, मक्याच्या कप्प्यात, सारे ठीक होते.

दिंद्रुडजवळच्या आमच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये हे दोन कप्पे मी मुद्दाम केले होते. ज्या कंदापासून साबुदाणा होतो, त्याचा कारखान्यात उरणारा चोथा मक्याहून बराच स्वस्त पडतो. तो कडकडीत वाळवून, प्रथिनांची उणीव सोयापेंडीने भरून, मी एका कप्प्यातला काही मका कमी केला होता. वडिलांनी शब्द दिला होता: विक्रीच्या दिवशी दोन्हीकडची वजने बरोबरीत आली, तर पुढच्या बॅचचे खाद्य मी ठरवायचे. शेवटच्या वजनापर्यंत फरक नगण्य होता.

थोरल्या काकांचा विरोध पहिल्या पोत्यापासूनच होता. "उपवासाचं अन्न अन् कापायच्या कोंबड्यांना? पाप हाय हे." चोथा म्हणजे साबुदाणा नव्हे, हे मी दोनदा समजावले. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली आणि चहा मागवला.

आदल्या दिवशी एकादशी होती. नारायणगडाला जाणाऱ्या भाविकांसाठी काकांनी खिचडी केली होती. त्यातली दोन घमेली उरली. प्रसाद उकिरड्यावर टाकता येत नाही. म्हणून मी घरी नसताना त्यांनी तो माझ्या कप्प्यातल्या खाद्याच्या भांड्यांत ओतला, मीठ-मिरचीसकट.

"कावून ओरडायलीस?" काका म्हणाले. "तुझ्या कोंबड्या साबुदाण्यावरच हायत की!"

"काका, त्यात मीठ होतं. एवढं मीठ कोंबडीला विषच."

ते वडिलांकडे वळले. "ऐकलं का? प्रसादानं मेल्या म्हणती! तुझ्या लेकीच्या भुशानं मेल्यात त्या."

कालपर्यंत जे पाप होते, ते त्यांनी स्वतःच्या हातांनी केले होते, आणि दोषी ठरला माझा चोथा. त्यातली विसंगती घरात एकालाही बोचली नाही. माझा संताप कोंबड्या मेल्याचा नव्हता. मरणाचे कारण समोर दिसत असताना कोणालाच ते नको होते, याचा होता.

मी एक मेलेला पक्षी ओट्यावर घेतला आणि दोघांसमोर त्याची गळ्याखालची अन्नपिशवी उघडली. आतून फुगलेला साबुदाणा आणि शेंगदाण्याचे कूट निघाले. काका "वास येतोय" म्हणून नाकाला उपरणे लावून निघून गेले. वडिलांनी सगळे पाहिले, नीट पाहिले.

"दिसलं ना, अप्पा?"

"दिसलं. पण थोरल्या भावाला काय बोलू, सांग? पुढची बॅच मक्यावरच घेऊ."

मी तराजू शून्यावर आणला, पिशवीतला ऐवज त्यावर ठेवला आणि वडिलांच्या देखत वजनांच्या वहीत शेवटची नोंद केली. साबुदाणा व शेंगदाण्याचे कूट: ३८ ग्रॅम.